ब्रोन्ते : स्वातंत्र्य आले, जमीन आली नाही

इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धाची कथा मराठी वाचकाला नवी नाही. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे आपल्याकडे तीन-चार पिढ्या आदराने घेतली गेली. वि. दा. सावरकरांनी मॅझिनीच्या चरित्राचे व राजकारणाचे केलेले मराठी रूपांतर १९०७ साली पुण्यात प्रसिद्ध झाले आणि इंग्रज सरकारने ते जप्त केले. परकी सत्ता झुगारून एक तुकड्यातुकड्यांचा देश एक होतो, ही कथा त्या काळच्या सुशिक्षित तरुणाला आपलीच वाटली. पण त्या कथेत एका गावाचे नाव कधी आले नाही. ते गाव म्हणजे सिसिली बेटावरील ब्रोन्ते. १८६० च्या ऑगस्टमध्ये गॅरिबाल्डीच्याच सैन्याने येथे पाच माणसांना गोळ्या घातल्या. गॅरिबाल्डीच्या सरकारने देऊ केलेली जमीन गावाने मागितली, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली होती.

गॅरिबाल्डीची थोरवी कमी करावी, हा या लेखाचा हेतू नाही. देश स्वतंत्र होताना देशातल्या भूमिहीनाचे काय होते, हा प्रश्न ब्रोन्तेच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतो, म्हणून हे गाव समजून घ्यायचे. त्यासाठी आधी तिथली जमीन पाहावी लागेल. कारण ब्रोन्तेचा सगळा तंटा जमिनीचा आहे.

आगीचा डोंगर आणि नदीचे खोरे

सिसिलीच्या पूर्व भागात एटना हा युरोपातला सर्वांत मोठा जागृत ज्वालामुखी आहे. त्याची उंची ३३०० मीटरांहून अधिक असून ती स्फोटागणिक बदलत असते. या पर्वताच्या पश्चिम उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर ब्रोन्ते वसले आहे. लोकवस्ती आजही वीस हजारांच्या आत. ग्रीक पुराणात लोहाराचे काम करणारे एकाक्ष राक्षस आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ब्रोन्तेस, म्हणजे गडगडाट करणारा. गावाचे नाव त्याच्याशी जोडले जाते.

गावाच्या एका अंगाला एटना, तर दुसऱ्या अंगाला खाली सिमेतो नदीचे खोरे. डोंगराच्या बाजूची जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा : काळा, धारदार, पायाला कापणारा दगड. त्यावर मातीचा थर धरायला शतके लागतात. नदीच्या बाजूला मात्र गहू पिकतो, गुरे चरतात, पाणी मिळते. ही दोन प्रकारची जमीन वाचकांनी ध्यानात ठेवावी. चांगली जमीन कोणाची आणि दगड कोणाचा, या एका प्रश्नात ब्रोन्तेचा तीनशे वर्षांचा इतिहास सामावला आहे.

डोंगराचा धाक तर रोजचाच. १६५१ च्या उद्रेकात लाव्हा गावात शिरला आणि वस्तीचा काही भाग त्याखाली गेला. १८३२ साली तो पुन्हा गावाच्या जवळ येऊन थांबला. १८४३ च्या नोव्हेंबरात लाव्ह्याची धार खाली उतरत असताना लोक ती पाहायला आणि आपल्या शेतातले वाचेल ते वाचवायला जमले होते. तापलेल्या लाव्ह्याखाली पाणी सापडले, त्याची एकाएकी वाफ झाली आणि स्फोट होऊन पन्नासहून अधिक माणसे दगावली.

सिसिलीतील शेतकरी शेतावर राहत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. गाव उंचावर, घराला घर लागून. शेत खाली दूर खोऱ्यात. खोऱ्यात हिवतापाची भीती आणि शेत दुसऱ्याच्या मालकीचे, मग तिथे घर कोण बांधणार? पहाटे अंधारात निघायचे, तासन्‌तास चालायचे, दिवसभर राबायचे आणि रात्री परतायचे. पुष्कळांना स्वतःचा किंवा खंडाचाही तुकडा नसे. पहाटे गावच्या चौकात उभे राहायचे; मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम. अशा मजुराला इटालियन भाषेत जो शब्द आहे, तो ‘हात’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपण ‘हातावर पोट’ म्हणतो, तोच अर्थ.

मठ, इस्पितळ आणि ड्यूक

नदीच्या बाजूची जमीन गावाच्या हातून कशी गेली, त्याची हकिकत लांब आहे. खोऱ्यात मानियाचे नावाची जागा आहे. १०४० साली जॉर्ज मानियाकेस या बायझंटाईन सेनापतीने या भागात अरब सैन्याचा पराभव केला, त्याचे नाव जागेला राहिले. पुढे ११७३ च्या सुमारास सिसिलीची राणी मार्गारेट हिने तिथे बेनेडिक्टाईन साधूंचा मठ उभारला. मठाला जमिनी मिळाल्या. जमिनीबरोबर त्या कसणारी माणसेही मिळाली. १४९१ साली पोपने हा मठ व त्याचे उत्पन्न पालेर्मो शहरातील मोठ्या इस्पितळाला देऊन टाकले. गोरगरिबांच्या औषधपाण्यासाठी ब्रोन्तेच्या गोरगरिबांनी खंड भरायचा, अशी ती व्यवस्था. धर्मादाय संस्था मालक झाली म्हणून कसणाऱ्याचे ओझे हलके होत नाही.

सोळाव्या शतकात, सम्राट पाचवा चार्ल्स याच्या काळात, आसपासच्या चोवीस वाड्या एकत्र करून ब्रोन्ते हे एक मोठे गाव करण्यात आले. त्या लोकांचे काही परंपरागत हक्क होते : रानातून सरपण आणणे, गुरे चारणे, कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे वेचणे. आपल्याकडे गायरानावर किंवा गावच्या रानावर गोरगरीब जगतात, तसाच हा आधार होता. कागदावर मालकी इस्पितळाची, पण जगणे गावाचे. या दोहोंतून इस्पितळ आणि गाव यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले.

१७९९ साली मालक बदलला. नेपल्स व सिसिलीचा राजा फर्डिनांड हा आदल्या वर्षीच्या डिसेंबरात फ्रेंच सैन्याच्या भीतीने नेपल्स सोडून पळाला होता. इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन याने त्याला आपल्या जहाजावरून पालेर्मोला पोचवले. नेपल्समध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले, ते काही महिन्यांत मोडले गेले. त्या प्रजासत्ताकाच्या आरमाराचा प्रमुख फ्रांचेस्को काराच्चोलो याला नेल्सनने जून १७९९ मध्ये जहाजाच्या डोलकाठीला फाशी दिले. या सेवेबद्दल राजाने नेल्सनला ब्रोन्तेची ड्यूकची पदवी बहाल केली आणि पदवीबरोबर मठाच्या जमिनीही दिल्या. वर्षाला सुमारे तीन हजार पौंड मिळतील असा अंदाज होता. नेल्सन आपल्या सहीत ‘ब्रोन्ते’ हे नाव अभिमानाने लिहू लागला. मात्र १८०५ साली ट्रफाल्गारच्या लढाईत मरेपर्यंत त्याने ब्रोन्तेत एकदाही पाऊल टाकले नाही.

या नावाची आणखी एक गंमत आहे. आयर्लंडमधील एका गरीब घरातला पॅट्रिक नावाचा तरुण १८०२ साली केंब्रिजला शिकायला गेला. घरचे आडनाव ब्रंटी. त्याने ते ब्राँटे असे करून घेतले. नेल्सनविषयीच्या आदरातून त्याने हे केले असे मानले जाते. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या प्रसिद्ध इंग्रज लेखिका त्याच्या मुली. सिसिलीतल्या या गावाचे नाव इंग्रजी वाङ्मयात अमर झाले. गावची माणसे त्या नावामागे कोणाला दिसली नाहीत.

नेल्सननंतर जहागीर त्याच्या भावाकडे आणि मग पुतणी शार्लट हिच्याकडे गेली. तिचे लग्न ब्रिडपोर्ट घराण्यात झाले. मालक इंग्लंडात आणि कारभार ब्रोन्तेत नेमलेल्या कारभाऱ्यांच्या हाती. त्यांच्याखाली मक्तेदार. मक्तेदार एकरकमी मक्ता घेई आणि छोट्या कुळांकडून दामदुप्पट वसूल करी. सिसिलीत सर्वत्र हीच रीत होती.

कायदा बदलतो, मालक बदलत नाही

१८१२ साली सिसिलीच्या संसदेने सरंजामशाही रद्द केली. हे ऐकायला फार चांगले वाटते. पण झाले काय ते पाहिले पाहिजे. पूर्वी सरदाराकडे जमीन होती, पण त्या जमिनीवर गावाचेही हक्क होते. सरंजामशाही गेली तशी सरदाराची बंधने गेली आणि जमीन त्याची निव्वळ खाजगी मालमत्ता झाली. गावचे सरपण, चराई आणि कणसे वेचणे यांना आता जणू चोरीचे रूप आले. या हक्कांच्या बदल्यात गावाला जमीन तोडून द्यावी आणि ती गरिबांत वाटावी, असे कायदे पुढे झाले. १८४१ चा हुकूम त्यांपैकी महत्त्वाचा. पण अंमलबजावणी ज्यांच्या हाती, तेच मक्तेदार, वकील, नोटरी आणि नगरपालिकेचे पुढारी. गावच्या सार्वजनिक जमिनीही त्यांनीच हळूहळू गिळल्या.

गावात दोन पक्ष पडले. एक ड्यूकचा पक्ष, दुसरा गावाचा पक्ष. इटालियन भाषेत गावाच्या स्थानिक सत्तेला ‘कोमूने’ म्हणतात, म्हणून दुसऱ्या पक्षाला ‘कोमुनिस्ती’ हे नाव पडले. आजच्या साम्यवादाशी त्याचा संबंध नाही. आणखी एक भेद डोक्यावरून दिसे. सुखवस्तू लोक हॅट घालत, शेतकरी कापडी टोपी घालत. ‘हॅटवाले’ आणि ‘टोपीवाले’ हेच त्या समाजातले दोन वर्ण झाले होते. रस्त्यात माणूस येताना दिसला की तो कोण आणि त्याच्याशी कसे बोलायचे, हे त्याच्या डोक्याकडे पाहून ठरे.

१८६० चा ऑगस्ट

११ मे १८६० रोजी गॅरिबाल्डी आपल्या हजार स्वयंसेवकांनिशी सिसिलीच्या मार्साला बंदरात उतरला. अठरा दिवस होण्यापूर्वी त्याने पालेर्मोत प्रवेश केला. दळणावरचा कर हा गरिबाच्या भाकरीवरचा कर. तो त्याने रद्द केला. २ जून रोजी त्याच्या सरकारने हुकूम काढला : जे देशासाठी लढतील त्यांना सार्वजनिक जमिनीत वाटा मिळेल, जमीन उरेल ती भूमिहीनांत वाटली जाईल. शेतकऱ्याने गॅरिबाल्डीचे स्वागत केले ते या हुकमामुळे. ‘इटली’ हा शब्द त्याला नवा होता. ‘जमीन’ हा शब्द जुना होता.

जून गेला, जुलै गेला. ब्रोन्तेत जमिनीचे वाटप झाले नाही. नव्या राजवटीची नगरपालिका बसली, तीत ड्यूकच्या पक्षाचीच माणसे बसली. जुनी माणसे, नवा तिरंगा. गावाच्या पक्षाचा पुढारी निकोलो लोम्बार्दो हा वकील होता आणि उदारमतवादी चळवळीतला जुना कार्यकर्ता होता. वाटपाची मागणी तो कायद्याच्या मार्गाने करीत होता. पण लोकांचा धीर सुटला.

१ ऑगस्टच्या रात्री गावाबाहेर जाणाऱ्या वाटा रोखल्या गेल्या. २ ऑगस्टपासून आगी लागल्या. नाट्यगृह जळले, श्रीमंतांची घरे जळली, नगरपालिकेचे दप्तरही जळले. आपल्या विरुद्धचा कागद तिथे आहे, हे न वाचता येणाऱ्यालाही ठाऊक होते. नंतर माणसांवर हात पडला. सोळा माणसे मारली गेली. त्यांत नोटरी कान्नाता होता, त्याचा मुलगा होता, ड्यूकच्या जहागिरीचा खजिनदार होता. ही हत्या क्रूर होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. पण ती आकाशातून पडली नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

इंग्रजांच्या वकिलातीने गॅरिबाल्डीकडे निकड लावली होती : डचेसच्या मालमत्तेचे रक्षण करा. गॅरिबाल्डीला समुद्र ओलांडून इटलीच्या मुख्य भूमीवर जायचे होते. त्यासाठी इंग्लंडची मर्जी हवी होती आणि पाठीमागे शांत सिसिली हवी होती. त्याने आपला कडक सेनानी निनो बिक्सिओ याला ब्रोन्तेला पाठवले. ६ ऑगस्टला बिक्सिओ पोचला. त्याने वेढ्याचा कायदा पुकारला, हत्यारे जमा करण्याचा हुकूम दिला आणि शांतता होईपर्यंत गावावर दर तासाला युद्धकर बसवला. कत्तलीतले खरे दोषी त्यापूर्वीच डोंगरात पळाले होते. लोम्बार्दोलाही पळण्याचा सल्ला मिळाला. पण तो गॅरिबाल्डीच्याच पक्षाचा, त्याला भीती कशाची? तो आपण होऊन बिक्सिओच्या भेटीला गेला आणि पकडला गेला.

खटला काही तासांत आटोपला. बचावासाठी साक्षीदार गोळा करण्याइतकाही अवधी मिळाला नाही. १० ऑगस्टच्या सकाळी सान व्हीतो चर्चसमोर पाच जणांना उभे करण्यात आले. लोम्बार्दो, नुन्झिओ साम्पेरी, नुन्झिओ लोंजितानो, नुन्झिओ स्पितालेरी. आणि पाचवा नुन्झिओ चिराल्दो फ्रायुन्को. हा फ्रायुन्को गावचा वेडा. डोक्याला तिरंगी रुमाल बांधून, पिपाणी वाजवीत गल्लोगल्ली फिरायचा, एवढाच त्याचा अपराध. गोळ्या सुटल्या, चौघे पडले, वेड्याला गोळी लागली नाही. माता मेरीने आपल्याला वाचवले असे समजून त्याने गुडघे टेकले आणि जीवदान मागितले. त्याच्या डोक्यात गोळी घालण्यात आली.

या कामगिरीवर आपल्यासारख्या माणसाला धाडायला नको होते, असे बिक्सिओने बायकोला पत्रात लिहिले. त्याच्या मनाला ते लागले असेल. पण ज्या व्यवस्थेने त्याला पाठवले, तिला काही लागले नाही. पुढे १८६३ साली कातानियाच्या न्यायालयाने आणखी सदतीस जणांना शिक्षा सुनावल्या. त्यांत जन्मठेपेच्या अनेक होत्या. त्याच महिन्यात, १८६० च्या ऑगस्टमध्येच, गॅरिबाल्डीने समुद्र ओलांडला आणि इटली एक होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या मोठ्या घटनेच्या पाठीमागे ब्रोन्ते झाकले गेले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हुकूम सरकारचाच होता, मग तो अमलात आणा म्हणणारा माणूस देशद्रोही कसा ठरला? उत्तर कठीण नाही. स्वातंत्र्य हॅटवाल्यांच्या साहाय्याने मिळवायचे असले, तर टोपीवाल्याला दिलेले वचन आड येते. अशा वेळी कोणते वचन मोडायचे, हे ठरवणारे लोक आधीच ठरलेले असतात. फ्रांचेस्को क्रिस्पी हा गॅरिबाल्डीच्या सिसिलीतील सरकारचा एक प्रमुख मंत्री होता. सिसिलीतील शेतकरी-मजूर १८९० नंतर ‘फाशी’ नावाच्या संघटनांतून जमीन व रास्त खंड मागू लागले (मुसोलिनीचा पक्ष पुढचा, वेगळा), तेव्हा तोच क्रिस्पी इटलीचा पंतप्रधान होता. जानेवारी १८९४ मध्ये त्याने बेटावर लष्करी कायदा पुकारून ती चळवळ मोडली.

इतिहास कोणी लिहिला?

शाळेच्या पुस्तकात ब्रोन्ते नव्हते. वाङ्मयात ते आले, पण कसे आले ते पाहण्यासारखे आहे. जोव्हान्नी व्हेर्गा हा सिसिलीचा थोर कथाकार. १८८३ च्या त्याच्या कथासंग्रहात ‘स्वातंत्र्य’ या नावाची कथा आहे. गावाचे नाव न घेता ती ब्रोन्तेचीच हकिकत सांगते. कथा समर्थ आहे. शेतकऱ्याच्या मनाचा गोंधळ, तुरुंगात खितपत पडणे आणि पाठीमागे गाव पूर्ववत होणे, हे त्याने निष्ठुर सचोटीने दाखवले आहे. पण व्हेर्गा स्वतः जमीनदार घरातला. त्याच्या कथेत लोम्बार्दो नाही. कायद्याने हक्क मागणारा पुढारी गाळला की उरते ती केवळ पिसाळलेली गर्दी. आणि गावच्या वेड्याच्या जागी त्याने एक बुटका माणूस घातला. लिओनार्दो शाशा या सिसिलीच्याच लेखकाने पुढे यावर बोट ठेवले : वेड्याला गोळी घातल्याची लाज नव्या राष्ट्राला पचणारी नव्हती, म्हणून लेखकाच्या लेखणीने वेडा झाकला.

सत्य उजेडात आणले ते गावच्याच एका माणसाने. बेनेदेत्तो रादिचे हा ब्रोन्तेचा शिक्षक व संशोधक १८६० साली लहान मुलगा होता. त्याने कागदपत्रे जमवली, वृद्धांना विचारले आणि १९१० साली बिक्सिओच्या ब्रोन्तेतील कृत्यावर निबंध प्रसिद्ध केला. लोम्बार्दोवरील कलंक त्याने पुसला. पण तो एका प्रादेशिक इतिहास-नियतकालिकातला निबंध. तो किती जण वाचणार? अर्धशतकानंतर, १९६३ साली, शाशाच्या प्रस्तावनेसह तो पुन्हा छापला गेला. १९७२ साली फ्लोरेस्तानो व्हान्चिनी या दिग्दर्शकाने ब्रोन्तेवर चित्रपट काढला. इतिहासाच्या पुस्तकांनी न सांगितलेल्या कत्तलीची बखर, अशा अर्थाचे शब्द त्याच्या नावातच आहेत. घटनेनंतर एकशे बारा वर्षांनी ब्रोन्तेची हकिकत पडद्यावर आली.

पिस्ता आणि उरलेला हिशेब

१८६० नंतर ब्रोन्तेचा शेतकरी काय करू लागला? कित्येक सिसिलियनांप्रमाणे पुष्कळ जण अमेरिकेला गेले. जे राहिले, ते डोंगराच्या बाजूकडे वळले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्ह्याच्या दगडावर पिस्त्याची लागवड वाढत गेली. हे झाड अरबांनी सिसिलीत रुजवले असे मानतात. तिथल्या बोलीतले त्याचे नावही अरबी शब्दावरून आले आहे. दगडाच्या भेगांत आपोआप उगवणाऱ्या एका रानटी जातभाईच्या बुंध्यावर पिस्त्याचे कलम करतात. पीक एकाआड एक वर्षी, विषम साली घेतात. मधल्या वर्षी कळ्या खुडून झाडाला विश्रांती देतात. त्या दगडात यंत्र चालत नाही, म्हणून तोडणी हातानेच करावी लागते. ब्रोन्तेच्या हिरव्यागार पिस्त्याला २००९ साली युरोपीय संघाचे उत्पत्तिस्थानाचे संरक्षण मिळाले. आज जग ब्रोन्तेला ओळखते ते या पिस्त्यामुळे. मिठाईवर भुरभुरलेल्या त्या हिरव्या चुऱ्यामागे, चांगली जमीन नाकारलेल्या माणसांनी दगड फोडून केलेली शेती आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

ड्यूकच्या जमिनीचे पुढे काय झाले? १९४० साली इटली आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा फॅसिस्ट सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून जहागीर ताब्यात घेतली आणि तिथे एक वसाहत बांधली. तिला नाव दिले काराच्चोलोचे, नेल्सनने फाशी दिलेल्या त्याच आरमारप्रमुखाचे. राष्ट्राभिमानाचा सूड पुरा झाला. पण युद्ध संपल्यावर जमीन पुन्हा ब्रिडपोर्ट घराण्याला मिळाली. १९५० साली सिसिलीच्या प्रादेशिक विधिमंडळाने जमीन-सुधारणेचा कायदा केला. त्यानंतरही वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेव्हा कुठे कसणाऱ्यांच्या हाती बरीच जमीन आली. १९८१ साली मानियाचेचा वाडा आणि उरलीसुरली मालमत्ता ब्रोन्तेच्या नगरपालिकेने विकत घेतली. त्याच वर्षी मानियाचे हे वेगळे, स्वतंत्र गाव झाले. १७९९ ते १९८१ : नेल्सनची जहागीर गावाच्या छातीवर एकशे ब्याऐंशी वर्षे राहिली. या काळात नेपल्सचा राजा गेला, गॅरिबाल्डी आला, इटलीचे राज्य झाले, फॅसिझम आला आणि गेला, प्रजासत्ताक आले. पाच राजवटी बदलल्या, पण खंड वसूल करणारा हात बराच काळ तोच राहिला.

ब्रोन्तेचा धडा काय, असे कोणी विचारील. स्वातंत्र्य खोटे होते असा तो नाही. परकी राजवट जाणे आवश्यकच होते, आणि लोम्बार्दोसुद्धा त्याच स्वातंत्र्यासाठी आयुष्यभर झटला होता. धडा एवढाच, की जमिनीचा हुकूम कागदावर निघणे आणि जमीन हातात येणे यांच्यामध्ये नोटरी, मक्तेदार, नगरपालिका आणि सैन्य उभे असते; आणि ते कोणाचे आहेत, यावर हुकमाचा अर्थ ठरतो. आपल्या वाचनालयांतून गॅरिबाल्डीची चरित्रे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. त्यांच्याशेजारी सान व्हीतोच्या चौकातल्या पाच माणसांची ही नोंदही असावी. त्यांपैकी चौघांची नावे कोणी विसरले तरी पाचवा, तो पिपाणी वाजवणारा वेडा, विसरला जाऊ नये. गावात सर्वांत आधी आणि सर्वांत मनापासून त्यानेच तो नवा तिरंगा डोक्याला बांधला होता.